हिरवं पान आणि जड पाय

नवी गाडी दाखवताना शोरूममधला मुलगा ईको मोडचं बटण हमखास दाबतो. मीटरवर हिरवं पान उगवतं आणि तो म्हणतो, "साहेब, ह्याने ॲव्हरेज वाढतं." पुढे मालकांचे दोन पंथ होतात. एक पंथ देवाला हात जोडावा तसा रोज निघताना ईको लावतो. दुसरा "गाडी झोपते" म्हणून त्या बटणाला शिवत नाही. माझा हिशेब असा आहे की ऑटोमॅटिक गाडीला शहरात ते लावावं, घाटात काढावं आणि मॅन्युअल गाडीत त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

हे बटण इंजिन बदलत नाही. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटर म्हणजे कॉम्प्युटरकडे केलेला अर्ज असतो. ईकोमध्ये तो अर्ज थोडा कापून मंजूर होतो, म्हणजे पाय तितकाच दाबला तरी पिकअप कमी मिळतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वरचा गिअर लवकर टाकतो आणि बऱ्याच गाड्यांत एसीही थोडा हात आखडतो. महिंद्राने एक्सयूव्ही७००च्या डिझेलमध्ये मोडना 'झिप, झॅप, झूम' अशी नावं दिली, इनोव्हा क्रिस्टात 'ईको' आणि 'पॉवर' अशी सरळ दोन बटणं आली. नावं काहीही असोत, आतला कारभार साधारण हाच.

काय करावे

• शहरात ऑटोमॅटिक असेल तर ईको लावूनच ठेवा. फायदा खरा आहे तो इथे, कारण गिअर कधी बदलायचा हे तुमच्या हातात नसतं. पुण्यात कर्वे रोडला संध्याकाळी दोन सिग्नलांमध्ये जेमतेम दोनशे मीटर मिळतात. तेवढ्यासाठी जोरात रेस देऊन पुढच्याच सिग्नलला ब्रेक मारायचा, म्हणजे पेट्रोल जाळून ब्रेकपॅड तापवायचे. ईको तो पहिला झटका गिळून टाकतो.

• मॅन्युअल गाडीत बटणाचं काम पायाला शिकवा. इथे गिअर तुम्हीच टाकता, त्यामुळे ईकोने फक्त पॅडल सुस्त होतं. हलक्या पायाच्या माणसाला फरक जाणवणारही नाही. जड पायाचा माणूस गाडी ओढत नाही म्हणून आणखी दाबतो आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो.

• ॲव्हरेज टाकीवरून काढा. बोर्डवरचा आकडा बऱ्याचदा जरा उदार असतो. पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान चारशे किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा. किलोमीटर भागिले लिटर, झालं. हे दोनदा ईकोत आणि दोनदा नॉर्मलमध्ये करा, पण रस्ता तोच हवा. एक टाकी ऑफिसची आणि दुसरी कोल्हापूरची असेल तर ती तुलना कसली? जाहिरातीतल्या आकड्याशी तर भांडूच नका. तो एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत, रोलरवर गाडी चढवून, ठरलेल्या चक्रात काढलेला असतो. तिथे ना खड्डा असतो, ना मध्येच घुसणारी रिक्षा.

• फायदा रुपयांत मोजा. महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तर साधारण ६७ लिटर लागतात. पेट्रोल १०५ रुपये धरू, म्हणजे झाले सात हजार. ईकोने पाच टक्के वाचले असं मानलं तर हातात साडेतीनशे रुपये. वाईट नाहीत, पण त्यासाठी रोज वैतागून गाडी चालवावी इतकेही नाहीत.

• लांबूनच पुढचं बघा. समोरचा सिग्नल लाल दिसला की गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचला. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद होतो. कुठल्याही मोडपेक्षा ही सवय जास्त वाचवते, आणि ती फुकट आहे.

• एक्स्प्रेस वेवर मोडआधी काटा बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि त्यातून ईको सोडवत नाही. मुंबई-पुण्याच्या ९४.५ किलोमीटरना १०० ने सुमारे ५७ मिनिटं लागतात, ८० ने ७१. घाट आणि टोलची रांग धरली तर ती चौदा मिनिटंही कागदावरच राहतात. मात्र ८० ने जायचं असेल तर उजवी लेन सोडा. तुमची बचत मागच्या दहा जणांच्या बोडक्यावर नको.

• पावसात, चिखलात ईको वापरून बघा. पॅडल मवाळ झालं की चाक जागच्या जागी फिरण्याचं प्रमाण कमी होतं. कंपनी हे जाहिरातीत फारसं सांगत नाही, पण शेतातल्या वाटेवर कामाला येतं.

• टायरची हवा महिन्याला तपासा, तीही टायर गार असताना. डिकीतलं लग्नाचं सामान उतरवा आणि टपावरचं रिकामं कॅरिअर काढा. मीटरवर पान आणि टपावर कॅरिअर, हा विनोद आहे.

काय टाळावे

• भरल्या गाडीने घाट चढताना ईको नको. गेल्या दिवाळीत साताऱ्याला निघालो होतो. पाच माणसं, डिकी फुल्ल, एसी चालू. खंबाटकीच्या चढाला पुढे सळया भरलेला ट्रक होता, सळयांच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं माझ्या काचेसमोर डुलत होतं. बाजूने जागा मिळाली म्हणून पाय दाबला, तर गाडी विचार करत बसली. वरच्याच गिअरमध्ये घरघरली, मग एक गिअर खाली आली, मग आणखी एक. तोवर जागा गेली. मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, पेट्रोल संपत आलंय का?" मी ईको लावल्याचं मला आठवत नव्हतं, पण पान मात्र तिथे होतं. चढावर इंजिनाला ताकद लागतेच. ती तुम्ही आधी द्या, नाहीतर गिअरबॉक्स शोधाशोध करून उशिरा देतो आणि इंधन तेवढंच जातं.

• दोन पदरी रस्त्यावर ईकोत ओव्हरटेक करू नका. पॅडल तळाला टेकवलं तर बहुतेक गाड्या पूर्ण ताकद देतात हे खरं. पण त्याआधीचा तो एखादा सेकंद समोरून एसटी येत असताना फार लांब असतो. मोड आधी बदला, मग बाहेर पडा.

• उतारावर न्यूट्रल नको, नको आणि नको. "पेट्रोल वाचतं" ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली समजूत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, उलट गिअरमध्ये पाय उचलला तर ते बंद होतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकपॅडवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने असे किती ट्रक बेलगाम आणले, हे पुणेकरांना सांगायला नको.

• ॲव्हरेजपायी इंजिन कोंडू नका. पस्तीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकून चढावर दाबत राहिलात की गाडी थरथरते, ठोके ऐकू येतात. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाला हे विशेष मानवत नाही. मीटरवरचा बाण वरचा गिअर सुचवतो, त्याला सासरे मागे बसलेत हे माहीत नसतं.

• बीएस६ डिझेल फक्त ईकोत आणि फक्त गल्लीत फिरवू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो. रोज तीन किलोमीटर, तेही कमी आरपीएमला, अशी गाडी चालली की फिल्टर चोंदतो आणि दिवा लागतो. दिवा लागला की गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पंधरावीस मिनिटं चालवा. ईकोची वर्षभराची कमाई फिल्टरच्या एका बिलात जाऊ शकते.

• मे महिन्यात नागपुरात ईकोवर एसी गार होत नाही म्हणून कुढत बसू नका. आधी काचा खाली करून आतली वाफ बाहेर काढा, नॉर्मलमध्ये गाडी गार करा, मग ईको लावा. आणि ऐंशीच्या वेगाला काचा उघड्या ठेवून एसीचे पैसे वाचवायला जाऊ नका, तिथे हवाच गाडीला मागे ओढते.

• जास्त वेळाच्या सिग्नलला इंजिन चालू ठेवून ईकोच्या भरवशावर राहू नका. उभ्या गाडीचं ॲव्हरेज कुठल्याही मोडमध्ये शून्यच.

• शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीतली बटणं दाबू नका. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला चहाला थांबलो तेव्हा उलगडा झाला. मेव्हणा बशीत चहा ओतत म्हणाला, "दाजी, शिरवळलाच लावलं होतं मी ते. तुमचंच पेट्रोल वाचवत होतो."