शंख परत ठेवताना

कळमेश्वरहून समुद्र फार दूर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शैक्षणिक सहलीला निघाले तेव्हा आई म्हणाली, "देवापुढे ठेवाले एक शंख आणजो."

मालवणच्या धक्क्यावरून आमची होडी सुटली. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी लावून पालथे पडताच खाली प्रवाळ दिसले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या जीवांची वसाहत. त्यावर पाय ठेवायचा नसतो. (मला पोहता येत नाही, त्यामुळे तो मोह झालाच नाही!)

ओहोटीला खडकात एक शंख सापडला. तळहातावर घेताच तो चालू लागला. आत खेकडा! या खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. रिकामे शंख आपण वेचून नेले तर त्याने जावे कुठे? शिवाय कित्येक जातींच्या शंखांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मी तो होता तिथेच ठेवला.

शंख आपल्याकडेही आहेत, पण दगड झालेले. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले. स्टीफन हिस्लॉप यांनी ते एकोणिसाव्या शतकात गोळा केले.

आईला खेकड्याची हकिगत सांगितली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मंग त्याचा फोटो तरी काढून आणाचा होता."