भूकंपाची जोखीम मोजणारं काम: वऱ्हाडातल्या मुलांसाठी

30 सप्टेंबर 2024 ला दुपारी दीडच्या सुमारास अमरावती जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्याची तीव्रता 4.2 नोंदवली. मोठं नुकसान झालं नाही आणि विषय दोन दिवसांत मागे पडला. पण 1993 साली याच तारखेच्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंपाने सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

भूकंप कधी होणार, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. झालाच तर कुठे किती नुकसान होईल, याचा अंदाज मात्र बांधता येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: जमीन किती जोरात हलू शकते, तिथे कोणत्या इमारती किती आहेत आणि त्या हादऱ्याने त्यातल्या किती पडतील. इटलीतल्या पाव्हिया इथल्या ‘जेम’ संस्थेचं ‘ओपनक्वेक’ सॉफ्टवेअर हे गणित करतं. उत्तर ‘क्यूजीआयएस’ या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर दिसतं. दोन्ही मोफत आहेत.

यातला दुसरा भाग, म्हणजे इमारतींची मोजदाद, सर्वांत कष्टाचा, आणि तिथे इथल्या मुलांचं पारडं जड आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, आणि असा थर खडकापेक्षा जास्त हलू शकतो. त्याच खोऱ्यात जुनी धाब्याची घरं आहेत, आणि अकोल्यात खाली दुकानं ठेवून वर मजले चढवलेल्या इमारतीही आहेत. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) ओझंच माणसांवर कोसळलं. कोणतं घर कशाचं, हे गावात जाऊन ओळखणारा माणूस नसेल तर संगणकाचा आकडा पोकळ ठरतो.

या कामापर्यंत पोचायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं. पुढे सिव्हिल, भूशास्त्र किंवा कॉम्प्युटर, तिन्ही चालतात. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय घरापासून दूर नाही. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा देऊन आयआयटी रुरकीच्या भूकंप अभियांत्रिकी विभागात जाता येतं. हा विभाग 1960 पासून चालतो. बीएस्सीवाल्यांनी एमएस्सीच्या प्रवेशासाठी ‘जॅम’ परीक्षा द्यावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पदांसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते.

पालकांची खरी चिंता नोकरीची आहे आणि ती रास्त आहे. भूकंप-जोखीम या नावाच्या जागा थोड्या निघतात, बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात, पगारही पहिल्या दिवशी आयटीइतका असेलच असं नाही. म्हणून सगळी भिस्त एकाच पदावर ठेवू नका. हीच मुलं इमारतींच्या आराखड्यांचं, जीआयएस नकाशांचं, पुनर्विमा कंपन्यांतलं नुकसानीच्या अंदाजाचं काम करू शकतात. जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणातही त्यांची गरज आहे. नोकरी मात्र बहुधा पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे मिळेल, याची तयारी घरच्यांनी आधीच ठेवावी.

एक कळकळीची विनंती: केवळ सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या महागड्या क्लासवर आत्ताच पैसे घालू नका. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर या कामात उपयोगी पडणाऱ्या पायथॉन या संगणकभाषेचे धडे मराठीतही आहेत. या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला क्यूजीआयएस उतरवून घेऊ द्या आणि आपल्याच गल्लीतली घरं विटांची, मातीची, आरसीसीची अशी नकाशावर नोंदवायला सांगा. काम आवडतंय की नाही, हे महिनाभरात कळेल. प्रवेशाचा फॉर्म त्यानंतर भरा.