छत कोणाचं, योजना कोणासाठी? (हवामान बदल आणि लोकसहभाग)



‘लोकसहभाग’ हा शब्द तुम्ही नागरिकशास्त्रात वाचलाय. आज तो आपल्याच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात शोधूया.

२६ जुलै २००५ चा पूर घरच्या मोठ्यांना विचारून बघा. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. प्रत्येक पूर हवामान बदलामुळेच येतो असं नाही. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते, त्यामुळे कमी वेळात धो धो पाऊस पडण्याची शक्यता वाढते. हवा तापते ती मुख्यतः कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यामुळे. आणि आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशापासूनच बनते.

सरकारने काय केलं?

२ ऑक्टोबर २०२० ला राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश ही त्याची पाच तत्त्वं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवलं तर १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान मिळतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते.

मग अडतं कुठे?

१) छत : बंगल्याचं छत एकाचं असतं. इमारतीची गच्ची सगळ्यांची असते. चाळीतल्या भाडेकरूचं तर छतच नसतं! सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी मात्र याच योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. त्यासाठी सभेत ठराव व्हायला हवा.

२) भाषा : फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत वसाहत झाली. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा सिंधीत बोलतात. शेजारी मराठी आणि हिंदी बोलणारी घरं आहेत. एकाच भाषेतलं पत्रक सगळ्यांना कसं समजणार?

३) वेळ : नोकरीसाठी सकाळची लोकल पकडणारे आई-बाबा रात्री घरी येतात. दुपारी ठेवलेल्या सभेला ते येणार कसे?

म्हणजे बघा, योजना कागदावर सगळ्यांसाठी असते, पण पोहोचते ती ज्याच्याकडे छत, भाषा आणि वेळ आहे त्याच्यापर्यंत. लोकांना बोलावलं, माहिती दिली आणि सही घेतली, एवढ्यावर लोकसहभाग होत नाही. लोकांनी सांगितलेली अडचण ऐकून नियम किंवा सभेची वेळ बदलली, तर तो खरा सहभाग.

उपक्रम

• घरच्या वीजबिलावर या महिन्याचे युनिट शोधा. त्याला ३० ने भागा. रोजची वीज किती?
• तुमच्या इमारतीची किंवा चाळीची गच्ची कोणाच्या मालकीची आहे, ते घरी विचारा.
• एक सूचनाफलक मराठी, हिंदी आणि सिंधीत तयार करा. सिंधीसाठी वर्गातल्या सिंधी मित्राच्या आजीची मदत घ्या.

विचार करा

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सौरऊर्जेचा फायदा मिळावा म्हणून तुम्ही कोणता नियम सुचवाल? उत्तर वहीत चार ओळींत लिहा आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा.