कंपन्या चार, वाडीत रेंज एकीचीच : मालवण किनाऱ्यावर फोन, फायबर, केबल घेताना

मालवणच्या बाजारपेठेत जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल, चौघांचीही सिम मिळतात. फायबरची पत्रकं दुकानादुकानांत असतात, केबलवाला आणि डिशवाला दोघंही घरी यायला तयार असतात. बाजारातून वाडीकडे निघालात की पर्याय एकेक करून गळत जातात. स्पर्धेमुळे दर उतरले हे खरं, पण त्याचा फायदा जिथे दोन कंपन्या पोहोचतात तिथे मिळतो. जिथे एकच पोहोचते तिथे तुमच्या हातात एकच गोष्ट उरते : सोडून जाण्याची मोकळीक. म्हणून महिन्याला किती, हे विचारायच्या आधी विचारा, नको झालं तर बाहेर पडायला किती?

आधी रेंज, मग दर

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक मोबाइल कंपनीने आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवायचा आहे. टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे आहे ते रंगांनी दिसतं. तो पाहा, पण त्यावर विसंबू नका. नकाशातला रंग अंगणातला असतो, तुमचं माजघर जांभ्याच्या जाड भिंतींआड असतं. सड्यावर भरलेले दांडे खाली वाडीत उतरताना अर्धे होतात.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं ते असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलवा. पडवीत एकदा, आतल्या खोलीत एकदा फोन लावून बघा. संध्याकाळी आठनंतर बघा, कारण तेव्हा सगळी वाडी मोबाइलवर असते. आणि एकदा वीज गेल्यावर तासाभराने बघा. पावसाळ्यात खरी परीक्षा तीच. टॉवरची बॅटरी संपली की दांडे जातात आणि ‘रेंज गावणा नाय’ सुरू होतं.

फायबरसाठी ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पिन कोड टाकून (मालवणचा ४१६६०६) त्या भागातले परवानाधारक इंटरनेट पुरवठादार पाहता येतात. यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या दारापर्यंत तार आहे, असं नव्हे. पण वायरचं भेंडोळं घेऊन आलेला माणूस कोणाच्या परवान्यावर काम करतो, एवढं नक्की कळतं.

रेंज वाढवणारा बूस्टर ऑनलाइन विकत घेऊ नका. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांची रेंजही बिघडते. घरात कुठलंही ब्रॉडबँड असेल आणि फोन व सिमला सोय असेल, तर सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा. जिओ आणि एअरटेल त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. जांभ्याच्या घरावर याहून स्वस्त इलाज नाही.

नंबर तोच, कंपनी दुसरी

मोबाइल नंबर बदलण्याची गरज नाही. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’ लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. तो आणि आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. बदल एकाच सर्कलमध्ये असेल तर कामाचे तीन दिवस, सर्कल ओलांडत असेल तर पाच. सिंधुदुर्ग आणि गोवा एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात, मुंबईचं सर्कल वेगळं. म्हणजे पणजीत घेतलेलं सिम इथे बदललं तर तीन दिवस, दादरला घेतलेलं बदललं तर पाच.

प्रक्रियेचं शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे. त्यासाठी कोणी शंभर-दोनशे मागितले तर दुकान बदला. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं मुदत संपलेलं बिल बाकी नको, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही. जुन्या खात्यातली शिल्लक आणि उरलेली मुदत नव्या कंपनीकडे येत नाही. म्हणून रिचार्ज संपायच्या चार-पाच दिवस आधी अर्ज करा. वर्षाचा पॅक मारून तिसऱ्या महिन्यात कंपनी बदलणारे नऊ महिन्यांचे पैसे सोडून जातात.

लँडलाइनला ही सोय नाही. कंपनी बदलली की तो नंबर गेला. केबलचा सेट टॉप बॉक्सही दुसऱ्या केबलवाल्याकडे चालेल, असं धरून चालू नका.

२८ दिवसांचा महिना

२८ दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. २९९ चा पॅक असेल तर वर्षाला ३,५८८ नाही, ३,८८७ रुपये. २०२२ पासून प्रत्येक कंपनीकडे ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक पॅक असणं बंधनकारक आहे. दुकानदार तो आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढवले. ग्राहकाने पळायचं तरी कुठे? बीएसएनएलने तेव्हा वाढ केली नाही, त्यामुळे बरेच जण तिकडे वळले. तुम्हीही वळू शकता, पण वर सांगितलेली पडवी-माजघराची चाचणी करूनच. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी देशभर सुरू झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. तुमच्या वाडीच्या टॉवरवर ते आलं का, हे तुमच्या फोनवरच बघा.

त्याच दरवाढीत जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्हजी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवलं. जिओचा दीड जीबीचा पॅक २९९, दोन जीबीचा ३४९ झाला. फरक पन्नासचा, वर्षाला साडेसहाशेचा. फाइव्हजी तुमच्या घरात पोहोचतच नसेल तर ते पैसे कशासाठी भरायचे?

गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या साध्या फोनसाठी डेटाचा पॅक मारू नका. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं सक्तीचं केलं. जानेवारी २०२५ मध्ये ते आले तेव्हा जिओचा ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १,७४८, तर एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि वर्षाचा १,८४९ रुपये होता. २९९ च्या पॅकशी ताडून पाहिलं तर खर्च निम्म्यावर येतो. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर हे पॅक क्वचितच दिसतात, खाली शोधावे लागतात. न मागितलेली गाणी, जोक, ज्योतिष सुरू होऊन पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर ‘स्टॉप’ पाठवा.

फायबर : जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा

जाहिराती ३९९, ४४९, ४९९ अशा आकड्यांनी सुरू होतात. त्यात १८ टक्के जीएसटी नसतो. ३९९ चे ४७१ होतात, ४४९ चे ५३०, ४९९ चे ५८९. मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जमध्ये कर धरलेला असतो, इथे वरून लागतो.

खरा खर्च मात्र दारात सुरू होतो. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतो, काही खासगी सेवा केबलवाल्याच्या तारेवरून येतात. तार खांबांवरून, माडांवरून, शेजाऱ्याच्या बागेतून तुमच्यापर्यंत यायची असते. तेव्हा जोडणीआधी हे लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी चालेल : शेवटच्या खांबापासून घरापर्यंतच्या तारेचे पैसे कोणाचे आणि किती मीटरपर्यंत फुकट? मॉडेम विकत, भाड्याने की अनामत घेऊन? अनामत किती दिवसांत परत? माड पडून किंवा वानरांनी उड्या मारून तार तुटली तर जोडणीचे पैसे कोण भरणार? घराची जागा बदलली तर किती? यातला तारेचा आणि मॉडेमचा मुद्दा सगळ्यात महाग पडतो. वाडीतलं एकटं घर असेल तर तारेचा खर्च वर्षभराच्या भाड्याच्या वर जाऊ शकतो. चार घरांनी मिळून मागणी केलीत तर तोच माणूस तार फुकट ओढायला तयार होतो.

‘अमर्याद’ या शब्दापुढे तारांकन शोधा. ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, ते बारीक अक्षरांत असतं. घरगुती वापराला ३० एमबीपीएस पुरतो. तारकर्ली-देवबागला चार खोल्यांचं होमस्टे असेल तर त्याहून वरचा वेग घ्या, आणि पाहुण्यांसाठी घरगुती प्लॅन चालतो का, हे आधी विचारा.

तार पोहोचत नसेल तिथे एअरफायबर सुचवतात. जिओचा ५९९ पासूनचा प्लॅन कर धरून ७०७ ला जातो. बसवण्याचे १,००० रुपये वर्षाचे पैसे एकदम भरले तर माफ. मोह आवरा. छपरावरच्या अँटेनाला पक्का सिग्नल लागतो आणि समोरच्या माडांच्या झावळ्या पावसात भिजल्या की वेग कसा राहतो, हे मे महिन्यात कळत नाही. हजार रुपये गेले तरी चालतील, पहिला पावसाळा महिन्या-महिन्याने काढा.

मॉडेमला छोटा इन्व्हर्टर लागतोच, नाहीतर महावितरणची वीज गेली की इंटरनेटही गेलं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की अडॅप्टरचा प्लग काढून ठेवा. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, सॉकेट आणतं. जळालेल्या मॉडेमचं बिल तुमच्याच नावावर येतं.

टीव्ही : केबल, डिश की फुकटातली डिश

बिलात तीन ओळी असतात : नेटवर्क शुल्क, वाहिन्यांचे पैसे, त्यांच्यावर १८ टक्के कर. २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये ही नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा ट्रायने जुलै २०२४ मध्ये उठवली. जोडणी, घरभेट, स्थलांतर, सेवेची तात्पुरती स्थगिती यांच्या शुल्कावरची मर्यादाही गेली. आता कंपनीने दर जाहीर करायचे, एवढंच बंधन आहे. तेव्हा दरपत्रक मागा. नेटवर्क शुल्क १३० आणि १९ रुपयांच्या चार वाहिन्या धरल्या तर २०६, कर मिळून २४३ रुपये. तुमचा केबलवाला ३५० घेत असेल तर वरचे १०७ कोणत्या वाहिन्यांचे, ते पावतीवर लिहून मागा. बहुतेकदा कोणी न पाहणाऱ्या वाहिन्यांचं पॅकेज निघतं.

जोराच्या सरीत डिशचं चित्र जातं, कारण तिच्या लहरी पावसात अडतात. आषाढात मालिका चुकवायची नसेल तर केबल बरी, तार आणि वीज शाबूत असेपर्यंत. डीडी फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही, डिश आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. सह्याद्री आणि बातम्या यांवर भागत असेल तर उगाच दरमहा पैसे भरू नका.

बंद घर

चाकरमान्यांनो, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यासाठीच घर उघडत असाल तर वर्षाचं फायबर आणि वर्षाची केबल दोन्ही तोट्याची. मोबाइलचा महिन्याचा पॅक आणि हॉटस्पॉट, सोबत फ्री डिश, एवढं पुरतं. चतुर्थीच्या आठवड्यात वाडीत माणसं वाढतात आणि टॉवर तोच असतो. कामाची ऑनलाइन मीटिंग असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. कायम जोडणी हवीच असेल तर सेवा काही महिने स्थगित ठेवता येते का आणि पुन्हा सुरू करायला किती, ते आधी विचारा.

आणि एक सावधगिरी, विशेषतः सड्यावर जमीन असणाऱ्यांना. ‘तुमच्या जागेत टॉवर लावतो, महिना पंचवीस हजार भाडं, आधी कराचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी असे पैसे मागत नाही.

सेवा बंद पडली तर

कंपनीच्या १९८ किंवा टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लाइनमनला केलेला फोन तक्रार ठरत नाही. लँडलाइन-ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर भाड्यात सूट मागा. जिल्हा पातळीवर मोबाइल सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि एप्रिल २०२५ पासून प्रीपेडला मुदतवाढ, असा नियम आहे. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे. मे २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ आलं तर या नियमाची आशा धरू नका.

उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सिंधुदुर्गाचा जिल्हा आयोग ओरोसला आहे, ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. बिलं, पावत्या, तक्रार क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडा. सेवेपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.