छोट्या बांधकाम कंपनीने काय करावे, काय टाळावे

एका वेळी दोन-तीन साइट चालवणाऱ्या छोट्या कंपन्या पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास, आंबेगावात पाच मजली इमारत, धायरीत एखाद्याचा बंगला. मालक सकाळी आठला साइटवर, घरातले कोणीतरी हिशेबाला, दोन इंजिनिअर, एक सुपरवायझर. बाकी सगळी माणसे ठेकेदाराची. कंपनीचे नाव ज्यांच्या हातांवर उभे आहे ती माणसे कंपनीच्या कागदावर कुठेच नसतात. पुढची यादी त्या मालकासाठी आहे.

काय करावे

मजुरांच्या खोल्या कुठे उभ्या राहणार, ते स्वतः ठरवा. हे काम मुकादमावर सोडले की पत्रे सीमाभिंतीला टेकतात, कारण एक बाजू आयती मिळते. 29 जून 2019 रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या अशाच पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. झोपेतले 15 जण गेले, त्यांत लहान मुले होती. त्याच आठवड्यात आंबेगावात दुसरी भिंत पडली आणि सहा जण दगावले. सीमाभिंत कुंपण म्हणून बांधलेली असते, मातीचा दाब पेलण्यासाठी नव्हे. तिच्यामागे भराव असेल, पुढे खोदाई झाली असेल आणि भरावात पाणी मुरून बसले असेल, तर ती उभी राहील याची खात्री कोणताही इंजिनिअर देणार नाही. म्हणून भिंत आडवी झाली तर जिथवर पोहोचेल, त्याच्या पलीकडे खोल्या बांधा. भिंतीतली पाणी निघायची भोके मोकळी आहेत का ते पाहा. भिंत शेजाऱ्याची असेल तर त्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. ही पाहणी मे महिन्यात करा. मृग लागल्यावर उशीर झालेला असतो.

खर्ची ठरलेल्या दिवशी द्या. आठवड्याच्या खर्चीवर घरातले पीठ, तेल आणि मोबाइलचा रिचार्ज चालतो. ठेकेदाराचे बिल अडले म्हणून गवंड्याची खर्ची अडू देऊ नका. बिलातल्या मोजमापावर वाद असेल तर तो ठेकेदाराशी वेगळा चालवा. जोडीने काम करणाऱ्यांत बाईची हजेरी बहुधा नवऱ्याच्या नावावर लागते आणि पैसे त्याच्याच हाती जातात. तिची हजेरी तिच्या नावावर लावा, पैसे तिच्या हातात द्या.

90 दिवसांच्या दाखल्यावर सही करा. महाराष्ट्राच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय 18 ते 60 लागते आणि आधीच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. हा दाखला मालक किंवा ठेकेदार देऊ शकतो. उद्या काही अंगावर येईल या भीतीने अनेक जण सही टाळतात. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने गोळा होतो. तुम्ही तो भरता, आणि त्यातून मिळणारी मुलांची शिष्यवृत्ती मात्र तुमच्या एका सहीवाचून अडते.

साइटवरच्या मुलांची सोय करा. 1996 च्या कायद्यात पाळणाघराची अट होती ती पन्नासपेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या जागेसाठी. छोट्या साइटवर बाया असतात सात-आठ, म्हणजे ती अट लागू होत नसे. मुले मात्र वाळूच्या ढिगावर असतातच. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस आणि डोअर स्टेप स्कूल या संस्था बांधकामावरच्या मुलांसाठी अनेक वर्षे काम करत आहेत. त्यांच्याशी बोला. जवळपासच्या दोन-तीन छोट्या साइटच्या मालकांनी मिळून एक खोली काढून दिली, तर तेवढ्यात हे भागते.

स्लॅबच्या टेक्यांवर तारीख लिहा, रंगाने, दिसेल अशी. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेके सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायचे. सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे एकवीस. सिमेंटमध्ये राख मिसळलेली असेल किंवा गारठा असेल तर याहून जास्त. आकडे सगळ्यांना पाठ असतात. गडबड होते ती सेंटरिंगवाल्याला पुढच्या साइटवर प्लेटा हव्या असतात तेव्हा. टेके कधी काढायचे, हा निर्णय ज्याला सामान परत हवे आहे त्याच्याकडे नसावा. पाणी मारायलाही एकच माणूस नेमा आणि त्याला दुसरे काम देऊ नका. सात दिवस ही किमान मर्यादा आहे, राख मिसळलेल्या सिमेंटला दहा.

काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरताना स्वतः उभे राहा. रेडिमिक्सच्या गाडीत साइटवर पाणी ओतायला पहिल्याच दिवशी बंदी घाला. माल घट्ट वाटला तर प्लांटला फोन करा.

चांगला गवंडी सांभाळा. बांधकाम व्यावसायिक बाबूराव शिर्के वाईजवळच्या पसरणीचे. 1944 मध्ये पुण्यात त्यांनी कंपनी सुरू केली, आणि पुढे 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याच कंपनीने उभे केले. सगळ्यांना तेवढी मजल मारायची नसते, मारावी असेही नाही. पण गावाहून आलेला माणूस इथे काम शिकतो आणि मोठा होतो, हे या शहराने पाहिले आहे. तुमच्याकडच्या बिगाऱ्याच्या हातात ओळंबा द्या, नकाशा वाचायला शिकवा. चार वर्षांनी तो तुमचा सुपरवायझर असू शकतो.

काय टाळावे

एका साइटचा पैसा दुसरीकडे वळवू नका. छोट्या कंपन्या बुडतात त्या बहुधा इथेच. कोथरूडच्या ग्राहकांचे हप्ते आले, तेवढ्यात कर्वेनगरची एक सोसायटी हातात येण्यासारखी आहे, मग भरा तिकडे अनामत. सहा महिन्यांनी दोन्ही कामे थांबतात आणि भाड्याच्या घरात गेलेले जुने सभासद भाड्याच्या चेकची वाट पाहत राहतात. रेराच्या कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीएच्या प्रमाणपत्रावरच काढायची. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे. सूट असली तरी खाते वेगळेच ठेवा.

नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नका. ओळखीचा ग्राहक असला तरी नाही.

तिसरी सोसायटी घेऊ नका, जोवर पहिलीचे भोगवटा पत्र हातात नाही.

रात्रीचे जड काम टाळा. फेब्रुवारी 2022 मध्ये येरवड्यात रात्री काम चालू असताना सळयांची जाळी कोसळून मजूर मेले. सळई बांधताना तात्पुरते आधार देतात ते कोणत्याच नकाशात नसतात. मुकादमाच्या अंदाजाने लागतात. दिवसा चूक दिसते. हॅलोजनच्या उजेडात आणि दहा तास राबून झाल्यावर ती दिसत नाही. धोका रात्रीपुरताच नसतो: जुलै 2016 मध्ये बालेवाडीत उंच इमारतीचा स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी सेंटरिंगची तपासणी आणि इंजिनिअरची सही झाली नसेल, तर गाडी परत पाठवा. त्या दिवसाचे नुकसान कंपनी सोसू शकते.

हेल्मेट फक्त पाहुण्यांसाठी ऑफिसात ठेवू नका. परांचीवर चढणाऱ्याला पट्टा द्या आणि तो अडकवायला पक्की जागा करून द्या. नुसता कमरेला बांधलेला पट्टा निरुपयोगी आहे.

बोअरचे पाणी तपासल्याशिवाय काँक्रीटमध्ये वापरू नका. प्यायच्या पाण्याच्या टँकरने भिंती भिजवू नका. पुण्यात मजुरांच्या वस्तीला त्याच पाण्याची ओढाताण असते.

अपघात झाला तर ठेकेदाराचे नाव पुढे करू नका. जखमी माणसासोबत दवाखान्यात तुम्ही जा, गावाकडे फोन तुम्ही करा.

ताबा दिला की फोन बंद करू नका. रेरानुसार ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. पहिला पावसाळा संपला की न बोलावता गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीखालचा कोपरा, बाथरूमची बाहेरची भिंत आणि खिडक्यांच्या चौकटी पाहा. ज्या गवंड्याने ते काम केले होते, त्यालाच बरोबर घेऊन जा.