पडद्यावरचा नाच आणि आपले घर



सिनेमा तुम्ही सारेच पाहता. पूर्वी जत्रेत तंबूत बसून पाहत होता. आता घरच्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहता. नाचाचे गाणे लागले की तीन वर्षांचे पोरही पाय आपटू लागते. आपण हसतो, टाळ्या देतो. पण तो नाच कोण बसवितो? त्याला किती मेहनत लागते? आणि आपल्याच घरची मुलगी म्हणाली, "मला नाच शिकायचाय," तर आपण काय करतो? आज याचा विचार करू.

१. घुंगरांचा चित्रपट

सन १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' हा हिंदी चित्रपट आला. तो काढला आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी. त्या काळी बहुतेक चित्रपट काळे-पांढरे असत. हा रंगीत होता. यात एक म्हातारा नृत्यगुरू आपल्या मुलाला कथक शिकवितो. मुलाचे काम गोपीकृष्ण यांनी केले, आणि नाचही त्यांनीच बसविले. ते नाचणाऱ्यांच्याच घराण्यातले. प्रसिद्ध नर्तिका सितारादेवी त्यांच्या मावशी.

नायिका होत्या संध्या. त्यांना कथक येत नव्हते. त्यांनी गोपीकृष्ण यांच्याकडे धडे घेतले, आणि मग त्यांच्याच जोडीने पडद्यावर नाचल्या. मोठेपणी अक्षर गिरविणारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिकायला वय आड येत नाही. लाज तेवढी आड येते.

कथकमध्ये पायांचे काम मोठे. पायांत शंभर-शंभर घुंगरे बांधतात. तबल्याचे बोल पायांतून निघाले पाहिजेत. 'ता थेई थेई तत्' हे सावकाश म्हणायचे, मग दुप्पट वेगाने, मग चौपट. एक पाऊल चुकले की ताल गेला. कथक कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनाही ते या चित्रपटाने दाखविले.

सिनेमात नाच बसविणाऱ्याला नृत्यदिग्दर्शक म्हणतात. गाणे आधी तयार असते. ते कर्ण्यावर पुन्हा पुन्हा वाजवितात आणि नाच तुकड्या-तुकड्यांनी टिपतात. आपण पाहतो पाच मिनिटे. त्यामागे कित्येक दिवसांची तालीम असते. शेतातले पीक पाहावे आणि नांगरट विसरावी, तसे आपले होते.

२. तमाशाचे दोन चित्रपट

आता आपल्या मराठीकडे येऊ. सन १९७२ मध्ये शांताराम यांनीच 'पिंजरा' काढला. यात एक गुरुजी आहेत. डॉ. श्रीराम लागू यांनी ते काम केले. हे गुरुजी कडक शिस्तीचे. गावात तमाशाचा फड आला, तर त्यांनी तो हुसकावून लावला. पुढे तेच गुरुजी नर्तकीच्या मोहात पडतात आणि त्यांचा नाश होतो. नर्तकी झाल्या होत्या संध्याच. या वेळी कथक नव्हे, लावणी.

हा चित्रपट पाहून लोक घरी काय घेऊन गेले? लावणीची गोडी नेली हे खरे. पण पुष्कळांनी एवढेच नेले की, नाचणारीपासून दूर राहावे! आम्हीही त्यांतलेच.

सन २०१० मध्ये 'नटरंग' आला. आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी तो केला. यातला गुणा शेतमजूर आहे, अंगाने पैलवान. त्याला तमाशाचे वेड. फड उभा राहतो, पण नाच्या मिळत नाही. शेवटी गुणाच नाच्या होतो. लोक त्याला हिणवितात. घरचेही तोंड फिरवितात. अतुल कुलकर्णी यांनी ते काम केले. यातल्या लावण्या फुलवा खामकर यांनी बसविल्या. त्या घरोघर पोचल्या, आणि शाळेच्या पोरी त्या पाहून पावले बसवू लागल्या.

३. आमची चूक

तेव्हा आम्ही एका शाळेवर मुख्याध्यापक होतो. स्नेहसंमेलन जवळ आले होते. सातवीतली एक मुलगी आली. म्हणाली, "गुरुजी, मी नटरंगमधली लावणी बसवलीय. एकटीनंच बसवलीय." आम्ही म्हणालो, "शाळेत असले चालणार नाही. भाषण पाठ कर." ती काही बोलली नाही. भाषणही केले नाही. संमेलनाला आलीच नाही.

आणि त्या रात्री आम्ही काय केले? घरी टीव्हीवर तीच लावणी लागली, ती शेवटपर्यंत पाहिली.

परवा ती मुलगी बसस्टँडवर भेटली. पाया पडली. सोबत सहा वर्षांची लेक. आम्ही विचारले, "अजून नाचतेस का ग?" ती हसली. म्हणाली, "कुठलं गुरुजी! आता ही नाचती. मी दार लावून घेते अन् टाळ्या देते."

"दार का लावतेस?"

"लोक काय म्हनतील?"

आमची बस आली. पण ते लावलेले दार डोळ्यांपुढून जाईना. त्याची पहिली कडी आम्हीच घातली होती.

४. लेण्यातली नर्तकी

आपल्या छत्रपती संभाजीनगरात बीबी-का-मकबऱ्याच्या मागे डोंगरात लेणी आहेत. त्यांतले सातवे लेणे जरूर पाहा. आत गाभाऱ्यात, बुद्धाच्या मूर्तीजवळच्या भिंतीवर, एक स्त्री नाचते आहे. तिच्या भोवती सहा स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे हे काम. वेरूळच्या कैलास लेण्यातही नाचणारा शिव आहे. आपल्या पूर्वजांनी नाच देवाजवळ कोरला. तो त्यांनी दाराआड लपविला नाही.

आजही या शहरात महागामी गुरुकुलात कथक आणि ओडिसी शिकवितात. सिनेमा नाचाची आवड लावतो. पण पाय तयार करतो तो गुरू आणि रोजचा सराव. म्हणून मूल पडद्यासमोर नाचू लागले, तर दोन गोष्टी करा. त्याला जाणत्या माणसाकडे पाठवा. आणि घराचे दार उघडे ठेवा.

कठीण शब्दांचे अर्थ

नृत्यदिग्दर्शक – नाच बसविणारा
फड – तमाशा करणारी मंडळी
नाच्या – तमाशात बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष
सराव – रोज पुन्हा पुन्हा करणे

प्रश्न

१. संध्या यांनी कथक कोणाकडून शिकले?
२. गुणाला लोक का हिणवीत?
३. गुरुजींची चूक कोणती? तुमच्या घरी अशी चूक झाली आहे का?
४. लहानपणी तुम्हांला काय शिकावेसे वाटत होते? ते पाच ओळींत लिहा. लिहून घरच्यांना वाचून दाखवा.