परक्या देशात, मुलांच्या शाळेत मदतीला जाताना

आमच्या पुण्यातल्या बिबवेवाडीत गंगाधामपासून अप्परपर्यंत आता बऱ्याच सोसायट्यांत एखादं तरी घर अमेरिकेला निघालेलं किंवा तिथून परतलेलं असतं. निघणारी मंडळी बॅगांचं वजन विचारतात, मसाले-कुकर न्यावेत का विचारतात. शाळेबद्दल मात्र ‘चांगली होती ना?’ एवढ्यावरच थांबतात. आम्ही काही वर्षं कॅलिफोर्नियात सनीवेलला राहिलो. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मी आणि दुसरीतली मुलगी कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-फोरवर. त्या गावात आम्ही रुजलो ते मुलीच्या सरकारी शाळेमुळे आणि मी तिथे मदतीला जाऊ लागले म्हणून. त्या वाटेवर आलेल्या अडचणी बहुतेक मराठी घरांना येतात, म्हणून त्या क्रमाने सांगते.

पहिली अडचण भारतातून निघण्याआधीच सुरू होते. कॅलिफोर्नियात 2016 पासून शाळाप्रवेशासाठी लसींच्या बाबतीत ‘आमची इच्छा नाही’ ही सवलत बंद झाली आहे. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, पण गालगुंड आणि कांजिण्यांची नाही. तिथे या दोन्ही लागतात. मुलाला फक्त महापालिकेच्या दवाखान्यात लसी दिल्या असतील तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना भेटा. प्रत्येक डोसची तारीख असलेला, सही-शिक्क्याचा इंग्रजी तक्ता घ्या आणि तो हातातल्या बॅगेत ठेवा.

दुसरी अडचण प्रवेशाच्या फॉर्मवर येते. ‘घरात कोणती भाषा बोलता?’ असं तिथे विचारतात. ‘इंग्रजी लिही, नाहीतर पोरीवर शिक्का बसेल,’ असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. आम्ही मराठी लिहिलं आणि तेच योग्य ठरलं. या प्रश्नामागे मोठा लढा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी लढवलेल्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्या मुलाला भाषाच कळत नाही, त्याचं शिक्षण तेवढ्याने होत नाही. मराठी लिहिलंत की तीस दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर इंग्रजीची जादा शिकवणी मोफत मिळते. इंग्रजी सुधारलं की मूल त्या यादीतून बाहेरही येतं.

आमची मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमातच होती. तरी तिथले उच्चार आणि वेग यांपुढे ती वर्गात कित्येक महिने गप्पच राहिली. नव्या भाषेत टाकलेली मुलं आधी नुसती ऐकतात, हे नैसर्गिक आहे. पण हे मूल घरी मराठीत अखंड बोलतं, हे शिक्षकांना आपणच सांगावं लागतं. नाहीतर मुलाच्या बोलण्यातच काही दोष आहे, अशी शंका घेतली जाऊ शकते.

आता माझ्या मदतीबद्दल. तिथे पालक वाचनालयात पुस्तकं लावतात, लहान मुलांचं वाचन ऐकतात, सहलीला सोबत जातात. मीही नाव दिलं. बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणी सांगितली गेली. भारतात जन्म म्हणजे क्षयाचा धोका जास्त धरतात, त्यामुळे प्रश्नावलीवर भागत नाही, तपासणी करावीच लागते. हातावर टोचून केलेल्या चाचणीत माझी जागा लाल होऊन फुगली. घरात लहान मूल, आणि आपल्याला क्षय असेल या विचाराने आम्ही दोघं पार खचलो होतो. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळे ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे टोचण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे रक्ताची चाचणी झाली, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली. तेव्हा बीसीजी घेतलेल्या प्रत्येकाने सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागावी. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. छातीचा एक्स-रे काढतात. रोग सुप्त असेल तर तो दुसऱ्याला लागत नाही आणि त्यावर औषधं आहेत.

सगळ्यात जपायची गोष्ट व्हिसाची. एच-फोरवर नोकरी करता येत नाही. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-140 अर्ज मंजूर आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मे 2015 पासून कामाचा परवाना मागता येतो. तो हातात नसेल तर फक्त खरीखुरी सेवा. एरवी पगारी माणूस करतो ते काम फुकट केलं, तरी ते बिनपरवाना काम ठरू शकतं. मला एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रोज देखरेख करायला सांगितलं गेलं, ‘थोडं मानधन देऊ’ असंही म्हणाले. वकिलाला विचारून मी नम्रपणे नकार दिला. मानधन असो की गिफ्ट कार्ड, तो मोबदला धरला जाऊ शकतो. आधी विचारा, मग हो म्हणा. मागाहून दिलेलं स्पष्टीकरण व्हिसा वाचवेलच असं नाही.

शाळेत कानावर पडलेलं शाळेतच ठेवा. कुणाचं मूल मागे आहे, कुणाला विशेष शिक्षण मिळतं, हे आपल्याला दिसतं. रविवारी मराठी मंडळींत ‘त्यांच्या मुलाचं कसं चाललंय गं?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर देऊ नका. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आपला लाडूही वर्गात वाटू नका. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं. आणि शक्यतो आपल्या मुलाच्या वर्गात जाऊ नका. आई समोर असली की मूल तिच्याकडेच बघत राहतं, मैत्री जोडत नाही. मी वाचनालय निवडलं, मुलगी तिच्या वर्गात मोकळी झाली.

आठवड्यातली एक सकाळ मराठी शाळेला जरूर द्या. 1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छायेत अमेरिकेत ठिकठिकाणी या शाळा चालतात आणि आईवडीलच तिथे स्वेच्छेने शिकवतात. त्यांचा अभ्यासक्रम आपल्या शेजारच्या धनकवडीच्या भारती विद्यापीठाशी जोडलेला आहे. परत आल्यावर आमची मुलगी आजीशी मराठीतच भांडली, यात त्या शाळेचा मोठा वाटा आहे.

पुण्यातली नोकरी सोडून गेलेल्या बायांना एक सांगते. शाळेतली मदत माणसं देते, भाषा देते, घराबाहेर पडायला कारण देते. सोडलेल्या नोकरीची जागा ती घेत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली की मन खट्टू होतं. ते दुःख वेगळं आहे. नवऱ्याशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला, शिक्षण चालू ठेवायचे मार्ग शोधा. सुरुवातीला आठवड्यातून एकच सकाळ शाळेला द्या आणि घर स्थिरावलं की वाढवा. नव्या गावात आपल्याला नावाने हाक मारणारी पहिली माणसं बहुधा तिथेच भेटतात.